सभासद क्रमांक दोनशे बारा

देवगड बंदर. लिलाव आटोपलेला.
सोसायटीच्या खोलीत डिझेलचा वास, ओली पावतीपुस्तकं,
आणि मी बसवलेला नवा प्रोग्राम.
किलोकिलोचे दहा सरंगे, एकेक करून नोंदवलेले,
किलोमागे दहा पैसे बर्फाच्या फंडाला.
पडद्यावर आलं : नव्व्याण्णव पैसे.

गुणाजी तारींनी चष्मा कपाळावर चढवला.
"एक पैसो खंय गेलो? माशान खाल्ल्यान?"

रात्रभर शोधला.
चोरी नव्हती. यंत्राला दोनच अंक येतात,
आणि रुपयाचा दहावा भाग त्या दोन अंकांत सांगायचा
तर ते लिहीत सुटतं
शून्य शून्य एक एक, शून्य शून्य एक एक,
दोन लाटा गप्प, दोन फुटलेल्या,
पवनचक्क्यांच्या कड्याखाली चालतं तसं,
उजाडलं तरी संपत नाही.
खण मात्र चौसष्टच.
एक खण अधिक-उण्याचा, अकरा टिंब कुठे द्यायचं त्याचे,
उरल्या खणांत मावेल तेवढं भरायचं
आणि शेवटी झाकण दाबून बसवायचं.

म्हणून तिथे दहा पैसे
दहा पैशांहून केसभर जास्त असतात.
आणि असे दहा जास्तीचे मिळवत गेलं
की रुपया केसभर कमी भरतो,
कारण बेरजेच्या पायरीपायरीला पुन्हा झाकण, पुन्हा दाब.
पैशाच्या खालचं मी कापून टाकत होते.
केस कमी पडला म्हणून पैसा गेला.

"मगे खण वाढय."
वाढवते, काका. पण बोटीच्या पोटात नुसता बर्फच भरला
तर मासळी कुठे ठेवाल?
आणि कितीही वाढवले तरी दहावा भाग संपतोय कुठे.

एक गोष्ट त्यांना सांगितली नाही.
जुन्या मोजणीत जलधी म्हणजे एकावर चौदा शून्यं.
असे नव्वद जलधी ओलांडून थोडं पुढे गेलं
आणि त्यात एक मिळवला,
तर या खणांत तो मिळतच नाही.
बेरीज होती तेवढीच राहते.
ज्यांची माणसं बुडाली आहेत अशा खोलीत
हे कसं बोलणार.

ते बराच वेळ पेरं मोजत बसले.
"आणे घालून बघ."
घातले. सोळावा भाग : टिंबापुढे चौथ्या घरात एक, बास.
सोळा वेळा मिळवला. रुपया.
पावली, अधेली, बारा आणे, सगळं चोख.
पावकी, निमकी, पाऊणकी घोकत
यंत्र त्यांच्याच बाकावर बसलेलं असावं,
आणि दशमान आलं त्या दिवशी गैरहजर.
म्हातारा हसता हसता खोकू लागला.
"तुझ्या मशिनीक आणे कळतत,
दहा पैसे कळनत नाय!"

शेवटी मी यंत्रापुढे रुपयाचं नाव काढणंच सोडलं.
नुसते पैसे मोज म्हटलं, अखंड, सुटे. टिंब नको.
चार दिवस जमलं.

मग वाटे आले : बोटीचा, जाळ्याचा, खलाशांचा.
शंभर पैशांचे तीन.
"पाच आणे चार पै," गुणाजी पटकन म्हणाले,
आणि स्वतःच थांबले. ती पै आता
कुणाच्या पेटीत असेल तर असेल.
तेहतीस, तेहतीस, तेहतीस.
टेबलावर एक पैसा उरलेला,
खरा नाही, पडद्यावरचा,
तरी आम्ही दोघं त्याच्याकडे बघत बसलो.

"उरललो दर्याच्या नावार लिव."

लिहिला. सभासद क्रमांक दोनशे बारा : दर्या.
वाटप झालं की कधी एक पैसा, कधी दोन, कधी काहीच नाही.
मार्चअखेर शिल्लक चौदा रुपये एकोणसाठ पैसे.

ओरोसहून आलेले ऑडिटर त्या ओळीवर पेन टेकवून विचारतात :
हे कोण? यांची सही कुठाय?

गुणाजी खिडकीबाहेर बघतात.
"साडेचाराक भरती आसा, सायब.
तवसर बसा."